ॲमस्टरडॅमला कालव्याकाठी राहताना: जिना, लिफ्ट आणि मागची खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात ॲमस्टरडॅमला पाच रात्री मुक्काम. तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या आई. आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. कालव्याकाठच्या जुन्या घरांत थाटलेलं, आतून एकदम नव्या धाटणीचं एक छोटं बुटीक हॉटेल तुमच्या मनात भरलंय. ते घ्यावं, की स्टेशनजवळचं मोठं साखळी हॉटेल बरं? आणि 'कॅनॉल व्ह्यू'साठी रात्रीमागे 60 युरो जास्त द्यावेत का?

आधी उत्तर देऊन टाकते. बुटीक हॉटेलच घ्या. कॅनॉल व्ह्यू घेऊ नका. मागच्या अंगाची, बागेवर उघडणारी खोली मागा. आणि लिफ्टबद्दल हॉटेलकडून लेखी खुलासा येत नाही तोवर परत न मिळणारे पैसे भरू नका. यामागची कारणं जरा लांबण लावून सांगते, म्हणजे उद्या हे सोडून दुसरं हॉटेल बघायची वेळ आली तरी तुमचं तुम्हाला पारखता येईल.

मी गेली 16 वर्षं पुण्यात बसून लोकांच्या युरोपच्या सहली आखून देते. ग्रुप टूर नाही, एकेका कुटुंबाची सहल. ॲमस्टरडॅमहून परत आलेल्यांच्या तक्रारी आठवल्या तर बऱ्याचशा हॉटेलबद्दल नसतातच, खोलीबद्दल असतात. एकाच हॉटेलात, एकाच आठवड्यात राहिलेल्या दोन जोडप्यांपैकी एक म्हणतं, 'काय सुंदर होतं हो!' आणि दुसरं म्हणतं, 'तळघरात कोंबलं आम्हाला.' दोघंही खरंच बोलत असतात. साखळी हॉटेलात 214 आणि 314 या खोल्या जुळ्या बहिणी असतात. कालव्याकाठच्या हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्या सावत्र बहिणीसुद्धा नसतात.

असं का होतं ते कळायला त्या घरांची कुळकथा थोडी माहीत हवी. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त (ग्राख्त म्हणजे शहरातला कालवा) हे तीन मोठे कालवे 1613 पासून खणायला घेतले. व्यापारामुळे शहर फुगत चाललं होतं, माणसांना आणि मालाला जागा हवी होती. काठावरचे प्लॉट पुढून अरुंद ठेवले: साधारण 30 ॲमस्टरडॅम फूट, म्हणजे साडेआठ मीटर, आणि आत लांबच लांब. आपल्याकडे बाजारपेठेतली जुनी दुकान-घरं कशी असतात, पुढून दहा हात आणि मागे परसापर्यंत बोगदा, तसंच. मालक खाली राहायचा, माळ्यावर माल असायचा: मिरी, दालचिनी, कापड. वेंगुर्ल्याची पडझड झालेली डच वखार तुम्ही पाहिली असेल तर ती याच व्यापाराचं आपल्या बाजूचं टोक आहे. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची ती वखार, ती 1602 साली स्थापन झाली आणि तिचं ॲमस्टरडॅममधलं मुख्यालय आजही उभं आहे. आता तिथे विद्यापीठ भरतं.

या घरांचा जिना इतका अरुंद आणि उभा की माल त्यावरून नेणं अशक्य. म्हणून घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली आणि तिला लोखंडी आकडा. कप्पी लावून पोती बाहेरून वर ओढायची. ती भिंतीवर आपटू नयेत म्हणून दर्शनी भिंतच मुद्दाम थोडी पुढे कललेली बांधायचे. कालव्याकाठी उभं राहून वर बघितलंत तर घरं तुमच्याकडे वाकून बघतायत असं वाटतं, ते त्यामुळे. आजही तिथे सोफा आणि कपाटं खिडकीतूनच आत जातात.

आता अशा घरात हॉटेल काढायचं तर एक घर पुरत नाही. मग शेजारची तीन-चार घरं आतून भिंती फोडून जोडतात. पुलित्झर हे 1970 साली सुरू झालेलं प्रसिद्ध हॉटेल तर आज 25 घरांचं मिळून झालंय. पण ही घरं वेगवेगळ्या मालकांनी वेगवेगळ्या काळात बांधलेली, त्यामुळे एकाचा मजला दुसऱ्याच्या मजल्याला जुळत नाही. त्यात सगळं जुनं शहर उभं आहे लाकडी सोटांवर. वरची जमीन म्हणजे चिखल; वाळूचा घट्ट थर लागतो सुमारे 12 मीटरवर, तिथपर्यंत पाइनचे सोट ठोकायचे आणि त्यावर घर उभं करायचं. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे 13,659 सोट आहेत. (आकडा लक्षात ठेवायची तिथली युक्ती: वर्षाचे 365 दिवस, आधी 1, शेवटी 9. मुलीला सांगा, आवडेल तिला.) सोट पाण्याखाली राहिले तर शतकानुशतकं टिकतात. पाण्याची पातळी उतरून त्यांना हवा लागली की कुजायला लागतात आणि घर एका अंगाला बसतं. तुमच्या खोलीत पेन जमिनीवर ठेवलंत आणि ते भिंतीपर्यंत घरंगळत गेलं, तर रिसेप्शनला फोन करू नका. ते तसंच असतं.

तर जिना आणि लिफ्ट. ही घरं संरक्षित वास्तू आहेत. तिन्ही मोठ्या कालव्यांचा हा सगळा भाग 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दर्शनी भिंत, जुना जिना, छताच्या तुळया यांना हात लावायला परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. म्हणून चांगल्या, महागड्या हॉटेलातही लिफ्ट कुठल्यातरी एका घरात, जिथे जमली तिथे बसवलेली असते. ती तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेते. पुढे तुमची खोली शेजारच्या घरात, आणि तो तिसरा मजला अर्धा पुरुष खाली किंवा वर.

मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलेय. साताऱ्याचं एक कुटुंब होतं, बरोबर सासूबाई, त्यांनाही गुडघ्याचाच त्रास. हॉटेलच्या माहितीत 'लिफ्ट आहे' असं स्पष्ट लिहिलेलं, मी निर्धास्त. तिथे पोचल्यावर कळलं की लिफ्टमधून उतरल्यावर पाच पायऱ्या खाली, मग बोळ, मग चार पायऱ्या वर. काकू दिवसातून एकदाच खाली यायच्या आणि रात्रीच परत जायच्या. मुलगा मला फोनवर एवढंच म्हणाला, 'ताई, लिफ्ट आहे, खोटं नाही बोलले ते.' तेव्हापासून मी 'लिफ्ट आहे का' असं विचारतच नाही. विचारते ते असं: रस्त्यापासून खोलीतल्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतील, आणि आकडा लिहून पाठवा. जे हॉटेल आकडा पाठवतं तिथे बिनधास्त जावं. 'आमच्या वास्तूला ऐतिहासिक सौंदर्य आहे' असं उत्तर आलं तर समजायचं, पायऱ्या बऱ्याच आहेत.

'रस्त्यापासून' हा शब्द महत्त्वाचा. कालव्याकाठच्या बड्या घरांचा मुख्य दरवाजा जमिनीला लागून नसतो, सहा-आठ दगडी पायऱ्या चढून वर असतो. या वरच्या मुख्य मजल्याला बेल-एताज म्हणतात: उंच छत, मोठ्या खिडक्या, पूर्वीचा दिवाणखाना. त्याच्या खाली, अर्धा जमिनीत गेलेला मजला म्हणजे सूतेरॅन. तिथे पूर्वी स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर. आज तिथेही खोल्या निघाल्यात. खिडकीतून दिसतात ते रस्त्यावरून जाणारे बूट आणि सायकलींची चाकं. संकेतस्थळावर या खोलीचं नाव 'कोझी' असतं. मी तर म्हणेन, नावात कोझी, स्नग, पेटिट असलं काही दिसलं की थेट चौरस मीटरचा आकडा शोधा. 12 चौरस मीटरची खोली म्हणजे साधारण 130 चौरस फूट, त्यात पलंग आणि न्हाणीघर धरून. मोठी बॅग उघडायची तर एकाने पलंगावर बसायचं. दोघांना 18 आणि आईंबरोबर मुलगी झोपणार तर त्यांनाही तेवढीच, याखाली येऊ नका.

आणि हो, दोन खोल्या घ्याव्याच लागतील. जुन्या घरांत मधली भिंत म्हणजे दोन घरांमधली मूळ भिंत, त्यामुळे आतून दाराने जोडलेल्या खोल्या फार क्वचित. जादा पलंग टाकायला जागाच नसते. 'मुलगी लहान आहे, आमच्यातच झोपेल' हे आपलं म्हणणं तिथे चालत नाही. खोली दोघांची म्हणजे दोघांचीच. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, एकाच घरात मिळाव्यात असं आधीच लिहा. रिसेप्शनला 'शेजारच्या' म्हणजे पुष्कळदा 'त्याच हॉटेलातल्या' एवढंच अभिप्रेत असतं.

आता माझा खरा आग्रह: मागची खोली. या घरांच्या मागे लांब बागा आहेत आणि कालवे खणले तेव्हापासूनच त्या मोकळ्या ठेवायचे नियम होते. कित्येक घरांना तर पुढचं घर, मध्ये चौक आणि मागे दुसरं घर, ज्याला ते आख्टरहाउस म्हणतात, अशी रचना. ॲन फ्रँक प्रिन्सेनग्राख्त 263 मध्ये लपून राहिली ती अशाच मागच्या घरात. रस्त्यावरून अशा मागच्या भागाचा पत्ताच लागत नाही, इतका तो आत. हॉटेलांच्या मागच्या खोल्यांतून या बागा दिसतात: कापलेली कुंपणझुडपं, एखादं जुनं पेअरचं झाड, समोरच्या रांगेतल्या घरांच्या पाठी. आणि शांतता. शहराच्या मधोमध इतकी शांतता की पहिल्या सकाळी पक्ष्यांनी जाग येते. हॉटेलवाले या खोल्या 'गार्डन' किंवा 'इनर व्ह्यू' नावाने स्वस्तात देतात, कारण जग कालव्यासाठी येतं. मागणाऱ्याने मागून घ्याव्या. फक्त 'इनर व्ह्यू' म्हणजे बाग की एसीची यंत्रं ठेवलेला चौक, तेवढं विचारून घ्या. तोही प्रकार असतो.

अशा घराची आतली मांडणी आणि बाग आधीच बघायची असेल तर कायझर्सग्राख्त 672 ला फान लोन संग्रहालय आहे. 1672 चं घर, रेम्ब्रांटचा शिष्य फर्डिनांड बोल तिथला पहिला रहिवासी. दिवाणखाना, स्वयंपाकघर, मागे बाग आणि बागेच्या टोकाला घोडागाड्यांची इमारत, सगळं एका ओळीत. ते घर बघितलं की आपल्या हॉटेलची खोली पूर्वी काय होती ते लगेच ओळखू येतं. माझ्या एका पाहुण्याने ओळखलं होतं: त्यांची खोली कोळसा ठेवायची जागा होती.

कॅनॉल व्ह्यूला मी सरसकट नाही म्हणत नाही. मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरात, दोघंच जाणार, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची मोठी खिडकी असेल तर जरूर घ्या. संध्याकाळी पुलांच्या कमानींवरचे दिवे पाण्यात उतरतात ते दृश्य पैसे वसूल करतं. पण मेमध्ये काठावरची एल्मची झाडं पानांनी भरलेली असतात. खालच्या दोन मजल्यांवरून तुम्हाला दिसतो तो हिरवा पडदा, त्याखाली लावलेल्या गाड्या आणि एखाद्याच्या हाऊसबोटीचं छप्पर. (मेमध्येच या झाडांच्या कागदासारख्या बिया झडतात, काठावर बर्फ पडल्यासारखा ढीग होतो. ते मात्र बघण्यासारखं.) शिवाय दिवस लांबलेले, सूर्य मावळतो साडेनऊच्या सुमाराला. उजेड आहे तोवर माणसं छोट्या बोटी घेऊन कालव्यात हिंडतात, हसतात, गातात आणि पाण्यावरून आवाज फार लांब जातो. जुन्या खिडक्या एकेरी काचेच्या. आतून दुसरी काच बसवली असेल तर ठीक, नसेल तर तुमच्या उशाशी मैफल. पहाटे कचऱ्याची गाडी, मग बारपुढे उतरवली जाणारी बिअरची पिंपं. साखळी हॉटेलात यातलं काही ऐकू येणार नाही, हे त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवं.

आणखी एक गोष्ट जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. कालव्यांच्या काठच्या भिंतीही जुन्या लाकडी सोटांवरच उभ्या आहेत, आणि त्या थकल्यात. सप्टेंबर 2020 मध्ये ग्रिमबुर्गवाल इथली भिंत कालव्यात ढासळली. तेव्हापासून शहराने भिंतींची तपासणी आणि दुरुस्ती जोरात लावलीय. हे काम पुढली कित्येक वर्षं चालणार. एखाद्या पट्ट्यात काम निघालं की झाडं जातात, हाऊसबोटी हलतात, समोर पत्रे लागतात आणि सकाळी यंत्रं सुरू. 60 युरो जादा देऊन पत्रे बघायची पाळी माझ्या एका पाहुण्यावर आलेली आहे. 'मे महिन्यात हॉटेलसमोर काठाचं काम चालू असेल का' हा प्रश्न पत्रात घालाच.

'नव्या धाटणी'बद्दल थोडं, कारण फोटोंत तुम्हाला ती भावलीय. तिथे डिझाइनची हौस फार, आणि कामही खरोखर उत्तम. प्रिन्सेनग्राख्तवरच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं 2012 मध्ये हॉटेल झालं, ते मार्सेल वाँडर्स या डच डिझायनरने सजवलं. कायझर्सग्राख्त 384 चं डिलन तर 17व्या शतकातल्या नाटकघराच्या जागेवर आहे. ते नाटकघर 1772 मध्ये जळलं, दगडी दरवाजा वाचला. आजचे पाहुणे त्याच दरवाज्यातून आत जातात. जुन्या तुळया तशाच, त्याखाली काळ्या रंगाच्या भिंती आणि एखादाच लखलखीत पिवळा दिवा, असा थाट बऱ्याच ठिकाणी असतो. डोळ्यांना छान. पण या डिझायनर मंडळींना न्हाणीघराला भिंत का लागते हे उमगलेलं नाही. खोलीच्या मधोमध टब, शॉवरला आरपार काच, संडासाला नुसतं सरकतं दार, वर फट. नवराबायकोला चालून जाईल. आजी आणि नातीच्या खोलीत ते अवघड होतं. खोलीचा फोटो नीट बघा आणि न्हाणीघराचा फोटोच नसेल तर मागवा. जेट स्प्रे मिळणार नाही, एक प्लॅस्टिकचा तांब्या बॅगेत टाका. टबात चढून आंघोळ करायची असेल तर आईंसाठी ती खोली बाद.

एसी पुष्कळ जुन्या घरांत नसतो. मेमध्ये बहुधा लागणार नाही, पण खिडकी उघडी ठेवलीत तर कालव्यावरचे डास येतात आणि जाळ्या नसतात. आपली नेहमीची डासांची ट्यूब न्या. हसू नका, हा माझ्या यादीतला जुना मुद्दा आहे. पाणी मात्र नळाचं बिनदिक्कत प्या.

जागा कोणती? या कालव्यांवर घरांचे क्रमांक उत्तरेकडून, ब्राउअर्सग्राख्तच्या टोकापासून सुरू होतात आणि आम्स्टेल नदीकडे वाढत जातात. त्यामुळे पत्त्यातला आकडाच सांगतो की हॉटेल कुठे आहे. लहान आकडा म्हणजे स्टेशनच्या बाजूला. कायझर्सग्राख्तवर 200 ते 400 च्या दरम्यान असाल तर वेस्टरकेर्क चर्च आणि 'नऊ गल्ल्या' नावाचा छोट्या दुकानांचा भाग पायाखाली. चर्चजवळ 13 आणि 17 नंबरच्या ट्राम थांबतात. तुमच्या चौघांसाठी मला हाच भाग सगळ्यांत पसंत आहे. लाइडसप्लाइन आणि रेम्ब्रांटप्लाइन या चौकांच्या अगदी लगत घेऊ नका, रात्री दोन-तीनपर्यंत धिंगाणा असतो. डे वालेन या जुन्या लालबत्ती भागातही नको. धोका म्हणून नव्हे, तुमच्या मुलीच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावी लागतील आणि रात्री गर्दीतून आईंना चालता येणार नाही. मुलीबाबत दुसरी एक सूचना: कालव्याच्या काठाला कठडा नसतो. असलाच तर गाड्या पाण्यात पडू नयेत म्हणून लावलेली गुडघाभर पट्टी. मोबाइलवर फोटो काढताना मागे सरकायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावा. सायकलींच्या लालसर पट्ट्यावर उभं राहायचं नाही, हेही.

नव्याने बांधलेली मोठी हॉटेलं स्वस्त पडतील म्हणून थांबू नका. नवं हॉटेल काढायचं तर आधी जुनं एखादं बंद व्हायला हवं आणि खाटा वाढता कामा नयेत, असं शहराने 2024 मध्ये ठरवलंय. घरं पर्यटकांना भाड्याने देण्यावरही बंधनं आहेत. त्यामुळे दर उतरायची वाट बघण्यात हशील नाही.

दरांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण इथे सगळे फसतात. शहराचा पर्यटन कर 2024 पासून 12.5 टक्के आहे, तो व्हॅट वगळून खोलीच्या दरावर लागतो आणि बुकिंगच्या आकड्यात पुष्कळदा धरलेला नसतो. मुक्कामावरचा व्हॅटही 1 जानेवारी 2026 पासून 9 वरून 21 टक्के झालाय. समजा खोली व्हॅटसह 242 युरो दिसतेय. त्यातला मूळ दर 200, त्यावर पर्यटन कर 25, म्हणजे प्रत्यक्षात 267. दोन खोल्या, पाच रात्री: तुम्ही 2420 धरून बसलेले, बिल येणार 2670. न्याहारी निराळी. चौघांची रोज हॉटेलात न्याहारी घेण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या बेकरीत जा, मुलीला पावावर लोणी आणि चॉकलेटचे दाणे, म्हणजे हागलस्लाग, खाऊ द्या. तिकडे मोठी माणसंही तेच खातात.

व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो, तोही पाचही रात्रींचा. छोट्या हॉटेलात खोल्या वीस-तीस, म्हणून रद्द करायच्या अटी कडक. स्वस्त, परत न मिळणारा दर आधी घेतला आणि व्हिसा लांबला, की पैसे गेले. आधी रद्द करता येणारा दर घ्या, पाच-दहा टक्के जास्त पडला तरी. फुकट रद्द करायची शेवटची तारीख व्हिसाची मुलाखत, पासपोर्ट परत यायचे दिवस हे धरून नंतरची असावी.

पोचायचा दिवस. मुंबईहून रात्री निघालात तर सकाळी स्किपोलला उतराल, खोली मिळणार दुपारी तीनला. सामान ठेवून घेतात, पण सकाळी आठला आईंना आडवं व्हायचं असेल तर काय करायचं, याचा विचार आत्ताच करा. दोनपैकी एक खोली आदल्या रात्रीपासून घेणं हा महाग पण शहाणा उपाय; ज्येष्ठ बरोबर असले की मी तोच सुचवते. विमानतळावरून स्टेशनपर्यंत रेल्वेने पाव तास, पण पुढे विटांच्या रस्त्यावरून बॅगा ओढत पूल चढायचे असतात आणि प्रत्येक पूल म्हणजे छोटा चढ. चौघं आहात, टॅक्सी करा. कालव्याकाठचा रस्ता एकेरी आणि अरुंद, टॅक्सी थांबली की मागे रांग लागते आणि घंट्या सुरू होतात. बॅगा पटकन उतरवायची तयारी ठेवा. नंतर फिरायला ट्राम. चढताना आणि उतरताना बँकेचं कार्ड टेकवायचं, तिकीट काढायची भानगड नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं.

जेवणाचं: स्वयंपाकघरं नऊ-साडेनऊला बंद होतात आणि बुटीक हॉटेलात रूम सर्व्हिस बहुधा नसते. आई शाकाहारी असतील तर सुरिनामी रोटीची दुकानं शोधा. 1873 पासून भोजपुरी भागातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेल्या गिरमिट्यांचे (करारावर नेलेल्या मजुरांचे) वंशज पुढे हॉलंडात आले, त्यांनी आपली रोटी आणि बटाट्याची भाजी बरोबर आणली. चव आपली नाही, पण ओळखीची आहे. शहराला लागूनच असलेल्या ॲमस्टेलफेनला भारतीय, त्यात मराठीही, खूप राहतात. अगदीच वरणभाताची आठवण आली तर तिथवर ट्राम जाते.

आता हॉटेलला पत्र लिहा. साध्या इंग्रजीत, सलग चार वाक्यांत: एका ज्येष्ठ बाईंना गुडघ्याचा त्रास आहे, रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, बागेच्या बाजूला मिळतील का, शॉवर टबाशिवाय आहे का, आणि मेमध्ये समोर काठाचं काम आहे का. मिळणाऱ्या खोल्यांचे क्रमांक मागा, आणि तेच क्रमांक बुकिंगवर नोंदवून घ्या. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. उत्तरात पायऱ्यांचा आकडा सहाच्या वर असेल तर हे हॉटेल सोडा, मन कितीही बसलेलं असो. मग संग्रहालयांच्या भागात जुन्या बँका, शाळा, कचेऱ्या यांच्या इमारतींत झालेली हॉटेलं बघा. त्यांचे मजले मुळातच सलग, लिफ्ट खरीखुरी, आणि कालवा दहा मिनिटांवर. उत्तर आलं की खोल्यांचे क्रमांक आणि मजले मला कळवा, बघून सांगते.